‘ताई, माझे खेळाडू बोलतच नाहीत’

टेबलावरच्या खेळांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांना उत्तरं

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. गेल्या दिवाळीपासून पाच मित्रांना घेऊन दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स चालवतो. लढाई लागली की सगळे जागे असतात. पण गावात शिरले, कोणाशी बोलायची वेळ आली की एकच वाक्य : ‘परस्युएशन रोल करतो.’ मी सराईवाल्याचा आवाज काढतो, म्हातारीसारखा खोकतो, तेव्हा हे मोबाइल बघत बसतात. एकाने तर आजवर आपल्या पात्राच्या तोंडून एक शब्द काढलेला नाही. असं खेळायचं असतं म्हणून मी त्यांना परदेशी गटांचे व्हिडिओ पाठवले, उपयोग झाला नाही. शेवटी जो पात्रासारखा बोलेल त्याला जास्त पॉइंट्स असा नियम केला, तर दोघं रुसले. मला गोष्ट सांगायची आहे ताई, हिशेब करायचा नाही. काय करू?

उत्तर : आधी ते व्हिडिओ पाठवणं थांबव. त्यातली बरीचशी मंडळी पेशाने कलाकार आहेत, आवाजावर पोट असणारी. सहा दिवस बुटीबोरीला शिफ्ट करून रविवारी तुझ्याकडे येणारा मित्र ते बघतो आणि त्यातून एवढंच शिकतो की हे काही आपलं काम नाही.

हा खेळ माहीत नसलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि एक जण, म्हणजे डीएम (डन्जन मास्टर), बाकीचं सगळं जग चालवतो : गावं, राक्षस, पहारेकरी, सराईवाला. जमेल की नाही असं जिथे वाटतं तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. परस्युएशन म्हणजे समोरच्याला पटवण्याचं कौशल्य. त्याचा आकडा प्रत्येकाच्या शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावर असतो, तो फाशात मिळवायचा. बेरीज डीएमने ठरवलेल्या आकड्याला पोचली की जमलं.

आता तुझ्या मित्रांची बाजू घेते. फासा टाकून काम होत असेल तर माणूस बोलेल कशाला? ‘पटवतो’ म्हटलं, सतरा पडले, सराईवाल्याने खोली दिली. दहा वाक्यं बोलला असता तरी तीच खोली मिळाली असती, वर चार मित्रांसमोर अवघडल्यासारखं झालं असतं ते वेगळंच. मग तो फासा उचलतो यात त्याचं चुकलं काय? आपण बोललो म्हणून काही बदललं, असा अनुभव त्याला तुझ्या टेबलावर अजून आलेला नाही.

रोलप्ले म्हणजे आवाज काढणं, ही समजूत मला फार वर्षांपासून खटकते. पात्राच्या जागी उभं राहून ठरवणं, म्हणजे काय मागायचं, कोणाला सोडून द्यायचं, कुठे खोटं बोलायचं, हा माझ्या लेखी रोलप्ले. आवाज आला तर आला.

तुझ्या गल्लीत तान्हा पोळा भरत असेलच. दिवसा मारबतीची मिरवणूक होते आणि संध्याकाळी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार निघतात. चार वर्षांचं पोर धोतर नेसून, टोपी घालून, चाकांचा बैल दोरीने ओढत तुझ्या दाराशी येतं. ‘शेतकऱ्याचा अभिनय कर’ असं त्याला कोणी सांगितलेलं नसतं. बैल पायरीला अडला तर ते थांबतं, त्याच्या पाठीवर थोपटतं, उचलून वर ठेवतं. गेल्या वर्षी माझ्या दारात एकाने पाचाचं नाणं मला परत केलं. म्हणाला, ‘माया बैल मोठा हाय, दहा पायजे.’ त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या. हातात दोरी होती, आणि बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे, मागायचा आहे हे पक्कं ठाऊक होतं. तुझ्या पाच जणांच्या हातात दोरी नाही, आणि बोजारा कोणाकडे मागायचा तेही त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

या खेळाचा जन्मही काहीसा असाच झाला आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेझली हा माणूस नेपोलियनच्या काळातल्या लढाया टेबलावर खेळवायचा. एकदा त्याने ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि सैन्य चालवणारे सोडून बाकीच्यांना त्या गावातली एकेक व्यक्ती दिली, प्रत्येकाला साधायचं काम वेगळं. लढाई लागायच्या आधीच लोक उठले, कोपऱ्यात जाऊन एकमेकांशी गुपचूप सौदे करायला लागले. वेझलीला वाटलं डाव पार फसला. खेळणारे मात्र पुन्हा कर म्हणून मागे लागले. त्याच कंपूतल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेली, आणि त्याने व गॅरी गायगॅक्सने मिळून रचलेला डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ मध्ये बाजारात आला. पात्रासारखं बोला, असं ब्राउनस्टाइनमध्ये कोणाला सांगावं लागलं नव्हतं. प्रत्येकाला काहीतरी हवं होतं आणि ते दुसऱ्याकडे होतं.

माझ्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. मे महिना, लक्ष्मीनगरला माझ्या घरचा हॉल. बाहेर ४५ डिग्री, आत कूलर पूर्ण जोरात, त्यामुळे प्रत्येकाच्या शीटवर वजन म्हणून स्टीलची वाटी. फासे सोफ्याखाली पळू नयेत म्हणून आम्ही पितळी परात वापरतो, तिच्या तळाशी जुन्या सतरंजीचा तुकडा. आमच्यातला एक जण इतवारीत धान्याच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. त्याचं पात्र बुटक्या जमातीतला एक लोहार. दोन महिन्यांत त्या लोहाराच्या वाट्याला दोनच शब्द आले होते, ‘मारतो’ आणि ‘पटवतो’. त्या दिवशी सगळे नदीवर पोचले आणि नावाडी पलीकडे न्यायला तयार होईना.

‘पटवतो,’ तो म्हणाला आणि फासा उचलला.

‘काय सांगून?’

‘सांगून... पटवतो ना.’

हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारत आले होते आणि उत्तर हेच यायचं. ‘काय बोलतोस?’ असं विचारलं की माणसाला वर्गात उभं केल्यासारखं वाटतं. त्या दिवशी काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, ‘तुझ्या हातात काय आहे आत्ता?’

त्याने वाटी बाजूला केली. प्रवासी सामानात ५० फूट दोर, १० मशाली, १० दिवसांचा शिधा असं लिहिलेलं असतं. ते कोणी वाचत नाही. त्याचं बोट यादीवरून खाली खाली गेलं. ‘हातोडा.’

‘नावाडी तुझ्याकडे बघतच नाहीये. हातोड्याकडे बघतोय.’

तो थांबला. कूलरचा आवाज तेवढा चालू. मग म्हणाला, ‘कावून बघते? नाव फुटली का त्याची?’

नाव फुटली आहे हे त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, ‘हो. तळाला. दोन दिवस झाले, लाजेनं कोणाला सांगितलं नाही त्यानं.’

आणि आमचा लोहार पहिल्यांदा नावाड्याशी बोलला. ‘पट्टी मारून देतो. लोखंड तुयं, मेहनत माई. पन पाचही जनाले त्या पार नेऊन सोडाचं, अन् वापस येतानीचे पैसे घ्याचे नाही. बोल.’

फासा परातीत पडलाच नाही. नावाडी हो म्हणाला, कारण त्याला नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं. इतवारीत दिवसभर भाव करणाऱ्या माणसाला सौदा करता येतो, हे खरं तर मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं.

त्या रात्री मी वहीत लिहून ठेवलं की मी वेगळं काय केलं. मी त्याला वाक्य मागितलं नाही, वस्तू मागितली. नावाड्याला स्वतःची एक अडचण मिळाली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खेळाडूने सहज केलेला अंदाज मी खरा मानला. तुझ्या पत्राच्या शेवटाकडचं एक वाक्य मला म्हणूनच टोचलं रे. ‘मला गोष्ट सांगायची आहे.’ तू सांगायला बसतोस, म्हणून ते ऐकायला बसतात, आणि ऐकता ऐकता मोबाइल काढतात. नावेचं भोक आमच्या लोहाराचं होतं. म्हणून पुढचे सहा रविवार तो त्या नावाड्याची चौकशी करत राहिला.

आता फाशाचं बोलू. फासा काढून टाक असं मी अजिबात म्हणणार नाही, फक्त क्रम बदल. २०१४ च्या नियमांत सोप्या कामाला १०, मध्यमला १५, कठीणला २० असे आकडे दिले आहेत. हा आकडा खेळाडूने काय देऊ केलं ते ऐकल्यावरच ठरव, आणि मोठ्याने सांग. ‘तू पट्टी मारून द्यायला तयार आहेस, म्हणून पंधराऐवजी दहा.’ वीस बाजूंच्या फाशावर एकेक बाजू म्हणजे पाच टक्के. पाच आकडे कमी झाले की यशाची शक्यता सरळ २५ टक्क्यांनी वाढते. हिशेबी मित्रांना हे लगेच कळतं, आणि तुझे मित्र हिशेबी आहेत हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं. कोणी नावाड्याच्या बापाचा उद्धार केला, तर तोच आकडा वीसवर ने. सौदा इतका चोख असेल की समोरचा नाकारूच शकत नाही, तर फासा टाकायला लावू नकोस. चांगलं बोलल्यावरही फासा टाकायला लावला आणि तीन पडले, तर तो माणूस पुन्हा बोलायचा नाही.

मात्र आकडा ठरवताना देणं-घेणं बघ, वक्तृत्व बघू नकोस. अडखळत बोलणाऱ्या मित्रालाही गोडबोल्या शाहिराचं पात्र खेळता आलं पाहिजे. लढाईच्या वेळी आपण कोणाला गच्चीवर तलवार फिरवून दाखव म्हणत नाही. ‘माझं पात्र त्याला सांगतं की तुझ्या मुलीला मी जंगलातून शोधून आणीन,’ एवढं तो म्हणाला की झालं. हा पूर्ण रोलप्ले आहे, त्यात काही उणं नाही.

यावरून त्या न बोलणाऱ्या मित्राकडे येते. इथे माझ्या हातून एक चूक झाली आहे. फार पूर्वी माझ्या टेबलावर एक मुलगी यायची. खेळायची उत्तम. नकाशे तीच काढायची, कोणत्या गावात कोणाला काय वचन दिलं ते तिला तारखेनिशी लक्षात असायचं. पण पात्राबद्दल कायम ‘ती असं करते, ती तसं करते’ असं बोलायची. एकदा भर सभेच्या प्रसंगात मी हट्ट धरला : ‘असं नाही, राणीसारखं बोल, आम्ही थांबतो.’ सगळे तिच्याकडे बघत राहिले. ती काहीतरी बोलली, आवाज कापत होता. पुढचे तीन रविवार तिने कारणं सांगितली आणि नंतर आलीच नाही. दोन वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली की लहानपणी एका भाषण स्पर्धेत ती स्टेजवर मधेच विसरली होती, आणि त्या दिवशी माझ्या हॉलमध्ये तिला अगदी तेच स्टेज दिसलं. मी माफी मागितली, तिने हसून सोडून दिलं. पण आमची नकाशा काढणारी गेली ती गेलीच. तुझा मित्र इतके रविवार न चुकता येतो आहे, म्हणजे त्याला खेळ आवडतो. त्याला प्रश्न विचार, पण ‘हो-नाही’त किंवा बोट दाखवून उत्तर देता येईल असे. ‘दोघं भांडतायत, तुझं पात्र कोणाच्या बाजूला जाऊन उभं राहतं?’ त्याने सोंगटी सरकवली की ते त्याचं बोलणं समज, आणि भांडणाऱ्या दोघांना त्याचा परिणाम जाणवू दे.

पॉइंट्सचा नियम मागे घे, आणि घेतला हे त्यांना सांग. अशा नियमात जो मुळातच बोलका आहे त्याला आणखी मिळतं आणि बाकीचे मागे पडतात. मित्र रुसले त्यात मला काही गैर वाटत नाही. तुझ्याकडच्या शीटवर स्वभाव, आदर्श, नातं आणि दोष अशा चार चौकटी असतील. बहुतेक रिकाम्या असतील, किंवा आदर्शापुढे ‘सोनं’ लिहिलेलं असेल. त्यातली दोषाची चौकट तेवढी भरून घे. इन्स्पिरेशन नावाची एक सोय २०१४ च्या नियमांतच आहे : डीएमने ती दिली की खेळाडू एकदा दोन फासे टाकून मोठा आकडा घेऊ शकतो. ती मी फक्त तेव्हा देते जेव्हा कोणी आपल्या पात्राच्या दोषापायी स्वतःचं नुकसान करून घेतो. आमच्यातल्या चोराने पहारेकरी दारात आहे हे माहीत असून देवळातली चांदीची वाटी उचलली, पकडला गेला, सगळ्यांचा अर्धा दिवस वाया गेला. तो एक शब्दही बोलला नव्हता. इन्स्पिरेशन त्यालाच मिळालं.

आणि भाषा. तुझे मित्र आपसात कसे बोलतात? ‘काय करून राहिला बे’ असंच ना? मग टेबलावर बसल्यावर त्यांच्या तोंडी ‘परस्युएशन’ येतं कारण शीट इंग्रजी आहे. आम्ही शीट मराठीत केली. परस्युएशनच्या जागी ‘गळ घालणे’, इंटिमिडेशनला ‘दम देणे’, डिसेप्शनला ‘थाप मारणे’. नुसतं ‘गळ घालतो’ म्हणून कोणाला थांबताच येत नाही, लगेच बाकीचे विचारतात, कोणाला? कशासाठी? दम देणारा तर शीट बघण्याआधीच दम देऊन मोकळा होतो. जानेवारी २०२३ मध्ये या खेळाच्या नियमांचा गाभा, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली खुला झाला आहे. मूळ श्रेय लिहिलं की भाषांतर करायला कोणाची आडकाठी नाही. आपल्या सराईवाल्यालाही जरा इकडचा कर. पहाटे तर्रीचं पातेलं चढवणारा, उधारीची वही लपवणारा माणूस तुझे मित्र रोज बघतात. त्याच्याशी काय बोलायचं हे त्यांना शिकवावं लागत नाही.

येत्या रविवारी एवढंच कर. सुरुवातीला प्रत्येकाला एक चिठ्ठी दे, तिच्यावर एक प्रश्न. ‘तुझं पात्र कसं आहे?’ असा मोघम नको. ‘गाव सोडताना कोणाचे पैसे बुडवून निघालास?’ ‘तुझ्या गळ्यातला ताईत कोणाचा?’ ‘यांच्यापैकी कोणाला तू एक गोष्ट सांगितलेली नाहीस?’ एका ओळीत उत्तर, वाटलं तर तिथल्या तिथे वाचून दाखवायचं, नाहीतर घडी घालून तुला द्यायचं. घरी गेल्यावर त्यातली एकच चिठ्ठी निवड आणि पुढच्या खेपेला ज्याचे पैसे बुडाले त्याला वेशीवर उभा कर. बाकीच्या चिठ्ठ्या जपून ठेव, घाई नको. माझ्याकडे दीड वर्षापूर्वीची एक अजून उघडायची आहे.

म्हातारीचा खोकला सोडू नकोस, तुला त्यात आनंद आहे हे पत्रातून दिसतं. फक्त खोकून झाल्यावर तिने त्या पाचांपैकी एकाकडे काहीतरी मागितलं पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे उलटी अडचण आहे. एक मैत्रीण इतकी रंगून बोलते की दुसऱ्या कोणाला वावच मिळत नाही. तिला दुखवायचंही नाही. (धरमपेठ)

उत्तर : तिला बाजूला घेऊन खरं सांगा : तुझ्यामुळे टेबलाला जान येते, आता बाकीच्यांना बोलतं करायला मला मदत कर. तिच्या पात्राला असं काम द्या जे दुसऱ्याला विचारल्याशिवाय होत नाही. ती सरदार असेल तर प्रत्येक निर्णयाआधी एका साथीदाराचा सल्ला घेणं ही तिच्या घराण्याची रीत करून टाका. ज्यांना रंगून बोलता येतं त्यांना रंगून विचारताही येतं, आणि न बोलणारा माणूस डीएमपेक्षा मित्राला लवकर उत्तर देतो. प्रसंग मध्येच कापायची सवयही लावून घ्या. तिचा संवाद अगदी ऐन भरात असताना ‘इकडे तोवर तबेल्यात काय चाललंय?’ म्हणून दुसऱ्याकडे वळा. दोन मिनिटांनी तिच्याकडे परत या, नक्की परत या.

प्रश्न : नवीन गट सुरू करतोय. पाच जणांना पाच फाशांचे संच घ्यावे लागतील का? (वर्धा रोड)

उत्तर : नाही. सात फाशांचा एक संच पुरे : ४, ६, ८, १२ आणि २० बाजूंचा एकेक, १० बाजूंचे दोन. पहिले दोन महिने तो एकमेकांकडे सरकवत खेळा. फासा कोणाकडे आहे ते बघायला सगळे मान वर करतात, आणि त्या वेळी मोबाइल आपोआप खाली राहतो.